मळणी यंत्र थरथरतंय? आधी ड्रम तपासा

सोयाबीनच्या सुगीत एका वस्तीवर गेलो होतो. मळणी यंत्र असं थरथरत होतं, की चाकांना दगड लावूनही दोन गडी ते धरून उभे! चौकशी केली. ड्रमचा तुटलेला एक दाता गावातच नवा करून बसवला होता, जुन्यापेक्षा चांगला जाड.

एवढ्याशा वजनानं काय होतंय, असं वाटेल. पण आसापासून फूटभर अंतरावर 100 ग्रॅम वजन जादा असलं आणि ड्रम मिनिटाला 600 फेरे घेत असला, तर बेअरिंगवर सुमारे 12 किलोचा हिसका बसतो, तोही दर फेऱ्याला. फेरे दुप्पट झाले की हिसका चौपट! बेअरिंग जातं, नट ढिले होतात. सुटलेला दाता यंत्रात माल घालणाऱ्याच्या अंगावर आला तर?

शेतकरी बंधूंनी यंत्र बंद करून पट्टा काढावा, ड्रममधला भुसा झाडावा. मग ड्रम हाताने हलकेच फिरवून सोडावा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबली, तर ती जड समजावी. (बेअरिंग आवळलेलं असेल तर हे कळणार नाही.) दाता बदलताना समोरचाही बदलावा, दोन्ही तराजूत तोलून. त्या वस्तीवर एवढंच केलं, थरथर पुष्कळ उतरली.

लांब ड्रमची दोन टोकं विरुद्ध बाजूंना जड असतील, तर मात्र हाताने फिरवून उमगत नाही. असा ड्रम बॅलन्सिंगची सोय असलेल्या वर्कशॉपमध्येच न्यावा.