बेडकाचे जवळून छायाचित्र : निसर्गनिरीक्षणाचा एक पाठ

शाळाभेटीच्या वेळी चौथीच्या विद्यार्थ्यांस बेडकाचे चित्र काढावयास सांगितले, तर बहुतेकांचा हात हिरव्या रंगाकडे जातो, असा माझा अनुभव आहे. पुस्तकातील बेडूक हिरवा असतो, एवढेच त्याचे कारण. वस्तुतः शिरूर कासारच्या परिसरात, सिंदफणेच्या डोहांत व ओढ्याकाठच्या डबक्यांत जो नित्य दिसतो, तो मातकट, ठिपकेदार बेडूक. तो केवळ डोळे व नाकपुड्या वर ठेवून तरंगत असतो आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठावरूनच टपटप उड्या घेत दूर जातो. खरबरीत अंगाचा भेक तर पाण्यापासून दूर, शाळेच्या ओट्याखालीही राहतो. ही विविधता मुलांस दाखविण्यास छायाचित्रासारखे साधन नाही, आणि आता बहुतेक शिक्षकांच्या खिशात ते असतेच.

आपला तालुका पर्जन्यछायेतील. उन्हाळ्यात पाणी आटते व पुष्कळ बेडूक मातीत, बिळांत दडून राहतात. पहिला मोठा पाऊस झाला, की ते बाहेर येतात. आपल्याकडील सर्वांत मोठ्या बेडकाचा नर या काळात पिवळाधमक होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. विणीचा हा भर ओसरला, की तो रंग फिका पडतो. ही संधी हुकली, तर पुढील पावसाळ्याची वाट पाहावी लागते. यास्तव तयारी आधीच करून ठेवावी.

प्रारंभी मी एक चूक केली, ती सांगितली पाहिजे. छायाचित्र चांगले यावे म्हणून एक भेक उचलून मी उन्हातील दगडावर ठेवला. त्याने तत्काळ पाणी सोडले व उडी मारली. माझ्या छायाचित्रात ओला दगड तेवढा आला! नंतर समजले, की भेक मूत्राशयात पाणी साठवून ठेवतो व कोरड्या दिवसांत ते शरीरास पुन्हा उपयोगी पडते. पकडला असता भीतीने ते टाकून देतो. दुष्काळी मुलुखात एखाद्याचा रांजण उपडा करण्यासारखेच हे झाले. शिवाय बेडूक त्वचेनेही श्वास घेतो, त्यामुळे हातावरील साबण, तेल वा तंबाखू त्यास अपायकारक ठरते. बेडकास हात लावू नये, हा पहिला नियम.

उभे राहून घेतलेल्या छायाचित्रात बेडूक मातीच्या ढेकळासारखा दिसतो. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आला पाहिजे. त्यासाठी काठावर पालथे पडावे, कोपर जमिनीस टेकवावे आणि वाळू भरलेल्या लहान पिशवीवर मोबाईल ठेवावा. पडद्यावर बेडकाच्या डोळ्याला बोट लावले म्हणजे तेथे स्पष्टता येते. डोळा अस्पष्ट राहिला, तर बाकी सर्व चांगले असूनही चित्र वाया जाते. अगदी नाकाशी जाण्यापेक्षा हातभर अंतरावरून थोडे मोठे करून घेतलेले चित्र बरे. जवळून तोंड बेढब दिसते. सकाळचे तिरपे ऊन उत्तम. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. डोळ्यांवर झगझगीत प्रकाश टाकू नये.

बेडूक हालचाल चटकन टिपतो, स्थिर वस्तूकडे मात्र सहसा दुर्लक्ष करतो. तो पाण्यात गेला, तरी तेथून उठू नये. पुष्कळदा काही वेळाने तो काठाशी परत येतो. ही प्रतीक्षा मुलांस कंटाळवाणी होईल अशी मला शंका होती. परंतु त्याच वेळात त्यांनी डोळ्यामागील कानाचा गोल पडदा पाहिला आणि पाण्यातील अंड्यांच्या माळा शोधल्या. त्या भेकाच्या होत. इतर अनेक बेडकांची अंडी पुंजक्यांनी वा पाण्यावर पसरलेली असतात.

मुलांस नेताना दक्षता घ्यावी. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याकडे त्यांस मुळीच नेऊ नये. त्याचा उतार इतका निसरडा असतो, की आत पडलेल्यास बाहेर येता येत नाही. घोटाभर पाण्याचे उघडे डबके पुरे. बेडूक असतील तेथे दिवड आणि नागही येतात, म्हणून गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटावी. रात्रीचे चित्रण शिक्षकाने मोठ्या माणसास सोबत घेऊनच करावे. एका तळ्याहून दुसऱ्याकडे जाताना पादत्राणे धुऊन वाळवावीत. बेडकांस होणारा बुरशीचा रोग ओल्या चिखलातून पसरू शकतो व त्याने जगात अनेक जाती नष्ट झाल्या आहेत.

सिंधुदुर्गातील आंबोलीस बेडकांची छायाचित्रे घेण्याकरिता दर पावसाळ्यात लांबून लोक येतात. तेथील एका भेकाचे स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे तेवढा पाऊस नाही. पण आपल्या डबक्यातील बेडकांची नोंद आपणच करावयाची आहे. प्रत्येक चित्राखाली गाव, दिनांक, वेळ आणि पाऊस किती दिवसांपूर्वी झाला, हे मुलांकडून लिहून घ्यावे. बेडकाचे नाव ठाऊक नसेल, तर ती जागा कोरी ठेवावी.