१८ मिलिमीटरमधलं व्याकरण

रोमन सम्राटाच्या चांदीच्या नाण्यावर व्याकरणाची चूक सापडते, हे वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना. सरकारी टांकसाळ, वर सम्राटाचा मुखवटा, आणि तपासायला कुणीच नाही? लंडनला जाणं झालं तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या नाणे-विभागाची वेळ घेतली. ओळखपत्र, सही वगैरे झाल्यावर ट्रे समोर आला.

सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचे देनारियस, म्हणजे रोमन चांदीची नाणी. इ.स. १९३-९४ मध्ये पूर्वेत प्रतिस्पर्धी पेस्केनियस नायजरशी त्याची झुंज चालली होती, आणि सैन्याला पगार रोख लागतो. ही नाणी त्या धांदलीतली. त्यांच्यावर टांकसाळीचं नाव नाही. अभ्यासक ती एमेसाची, म्हणजे सीरियातल्या आजच्या होम्सची, मानतात.

“अठरा मिलिमीटर,” ट्रे आणणाऱ्या बाई म्हणाल्या. नाण्याचा व्यास. मुखवट्याभोवती मी अक्षरं मोजली: पंचवीस. इम्प, काए, ल, सेप, सेव, पेर्त, आउग, कॉस आणि दोनाचा आकडा; सगळे सम्राटाच्या नावाचे नि पदव्यांचे संक्षेप, शेवटचा म्हणजे ‘दुसऱ्यांदा कॉन्सल’. कोरक्यानं ही सगळी ठशात उलटी, आरशातल्यासारखी कोरायची. एखादं अक्षर सवयीनं सुलट कोरलं की नाण्यावर ते उलटं उमटणार. आणि जागा किती, तर अठरा मिलिमीटर. काही ठशांवर तर ‘कॉस २’च्या जागी आकडाच आधी आलाय, पुढे नुसता ‘क’.

मी पुन्हापुन्हा वळलो ते एकाच नाण्याकडे. मागच्या बाजूला हातात फूल घेतलेली आशादेवी, स्पेस. तिच्याभोवती ‘बोना स्पेस’ हवं. कोरलंय ‘बोनी स्पेस’. मराठीत कुणी ‘चांगल्याचा आशा’ लिहावं तसं. हे ‘बोनी’ आलं कुठून, याचा माझा अंदाज असा: त्याच टांकसाळीच्या दुसऱ्या नाण्यांवर ‘बोनी एव्हेंतुस’, म्हणजे ‘चांगल्या फळाचं’, आहे, आणि तिथे ते अगदी बरोबर आहे. या भागाची भाषा ग्रीक, नाण्यावरची लॅटिन. शेजारच्या ठशावरून शब्द उचलणारा तो कारागीर मला तरी अडाणी वाटत नाही. आपल्याकडे पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांची पुढे पुढे नुसती नक्षी झाली. न कळणारी लिपी कोरणाऱ्या हातांचं असंच होतं.

चुकलेलं नाणं म्हणून आज संग्राहक त्याला जास्त पैसे मोजतात. मला ती हौस थोडी कोडगी वाटते. कारण १९४-९५च्या सुमारास याच सेव्हेरसनं देनारियसमधली चांदी निम्म्याच्या आसपास आणली आणि नाण्याची किंमत पूर्वीचीच ठेवली. व्याकरणाची चूक भिंगाखाली लगेच दिसते, चांदीतली ही लबाडी दिसत नाही. दोन्हींतली मोठी कोणती, याबद्दल मला शंका नाही.