हाताला न लागणारी गाठ

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते: तिथल्या गाठी पायावर पहारा देत असतात. तोंडासाठी हे पहाऱ्याचे काम मानेतल्या लसिका गाठी करतात. जिभेवरच्या किंवा गालाच्या आतल्या व्रणातून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशी बहुधा आधी तिथेच अडकतात. पंचाईत अशी की गाठ बोटांना लागते तोवर ती बरीच वाढलेली असते. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी गाठीचा आकार आणि ठेवण पाहतात. एक-दोन मिलिमीटरचा पुंजका तिला न फुगवता आत बसला असेल, तर चित्र निर्मळ येते. पेट स्कॅनची नजरही इतकी बारीक नाही. तेव्हा ‘मानेत काही नाही’ या अहवालाचा अर्थ ‘काही दिसले नाही’ एवढाच घ्यावा.

मग निरोगी दिसणाऱ्या मानेवर सुरी चालवायची का? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 पासून दहा वर्षे हाच प्रश्न तपासला. काही रुग्णांच्या मानेतल्या गाठी तोंडाच्या शस्त्रक्रियेतच काढल्या, बाकीच्यांच्या पुढे गाठ उमटली तरच. 2015 मध्ये 500 रुग्णांचा निष्कर्ष आला: तीन वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के हयात होते, दुसऱ्यात 67.5, म्हणजे आठ रुग्णांमागे एक जीव. पहिल्या गटात सुमारे 30 टक्क्यांच्या गाठींत छुपा आजार सापडला. यावरचा आक्षेप खरा आहे: उरलेल्या 70 टक्क्यांना ही शस्त्रक्रिया नाहक सोसावी लागली, आणि तीत खांद्याची नस दुखावली तर हात वर नेणेही जड जाते. पण त्या सत्तरांना आधी ओळखायचे कसे? ‘लक्ष ठेवू’ हे ऐकायला बरे वाटते; या अभ्यासात लक्ष ठेवूनच माणसे गेली.

खरा पर्याय आहे पहारेकरी गाठीचा. व्रणाभोवती किरणोत्सारी टेक्निशियम टोचायचे, ते आधी ज्या गाठींत पोचते तेवढ्याच काढून सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासायच्या. 2020 च्या फ्रेंच चाचणीत दोन वर्षे मानेत आजार न उलटणाऱ्यांचे प्रमाण या पद्धतीने 90.7 टक्के, तर सरसकट गाठी काढून 89.6 टक्के होते; फरक नगण्य. मात्र त्यासाठी अणुवैद्यक विभाग आणि कसलेला पॅथॉलॉजिस्ट दोन्ही लागतात. ते नसतील तिथे गाठी काढणेच शहाणपणाचे. अपवाद उथळ व्रणांचा: तीन मिलिमीटरपर्यंतच्या व्रणात टाटाच्या अभ्यासालाही स्पष्ट फायदा दिसला नाही. मान तशीच ठेवण्याचा सल्ला मिळाला, तर व्रण किती मिलिमीटर खोल आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.