पऱ्हाटीचं फूल, कॅमेरा आणि दोन सकाळी

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका वावरात, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या दोन ओळींच्या मधोमध, सकाळी साडेसातला मी उकिडवी बसले होते. रात्री पाऊस होऊन गेला होता, काळी माती चपलांना चिकटून दोन बोटं जाड झाली होती. समोर नुकतंच उमललेलं फूल: सायीच्या रंगाचं, पाच पाकळ्यांचं, खाली झालरीसारख्या कापलेल्या तीन हिरव्या पानांच्या कोंदणात बसलेलं. वावराचे मालक धुऱ्यावरून चालत आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काहून ताई, फोटोच काढाचा होता तं गुलाबाचा काढाचा. पऱ्हाटीचं फूल कोन पाह्यते?" मग निघता निघता मागे वळून म्हणाले, "आज पाहून घ्या. उद्या गुलाबी होते थे."

फुलांच्या छायाचित्रणाचा पहिला धडा मला तिथे पुन्हा मिळाला. नवशिके मला बहुतेक वेळा विचारतात, "कोणता कॅमेरा घेऊ?" मी त्यांना आधी विचारते, "तुमच्या गावात कोणतं फूल किती वाजता उमलतं, ठाऊक आहे का?" कॅमेरा उधार मिळतो, खिशातला मोबाइलही चालतो. फुलाची वेळ मात्र स्वतःलाच शोधून काढावी लागते.

आपल्याकडच्या संकरित कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पांढरट पिवळं असतं. संध्याकाळकडे त्यावर गुलाबी झाक येते, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी-तांबडं होऊन मिटतं आणि दोन-तीन दिवसांत गळून पडतं. पाकळ्यांत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं, त्याचा हा खेळ. देशी कपाशीचं फूल वेगळं, पिवळंधमक आणि गळ्याशी गडद किरमिजी. एकाच झाडावर आजचं पांढरं आणि कालचं गुलाबी शेजारी शेजारी दिसतं, म्हणून दोन दिवसांची गोष्ट एका फ्रेममध्ये मांडता येते. गुलाबाचं झाड हे देत नाही.

कापसाचं छायाचित्रणाशी नातं तर फार जुनं आहे आणि वऱ्हाडातल्या माणसाला ते ठाऊक असायला हवं. १८४६ मध्ये श्योनबाइन या रसायनतज्ज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून गनकॉटन बनवलं. हा स्फोटक कापूस ईथर आणि अल्कोहोलात विरघळवला की मधासारखा दाट, चिकट द्रव तयार होतो. तो कलोडियन. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने हा द्रव काचेवर पसरवून, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून, काच ओली असतानाच फोटो घेण्याची रीत जाहीर केली. पुढची जवळजवळ तीस वर्षं जगातले बहुतेक फोटो असेच निघाले. काच वाळली की काम संपलं. त्यामुळे फोटोग्राफरला अंधारा तंबू आणि बाटल्या सोबत घेऊन हिंडावं लागे. वऱ्हाडच्या एप्रिलमध्ये ती काच किती वेळ ओली राहिली असती, याचा विचार आला की हातातल्या डिजिटल कॅमेऱ्याबद्दलची माझी कुरकुर थांबते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांकडून मागणी आली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'ऊमरा' म्हणत, उमरावती म्हणजे अमरावतीच्या नावावरून. त्याच युद्धाचे मॅथ्यू ब्रॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले जगप्रसिद्ध फोटो कलोडियनच्या ओल्या काचांवर घेतलेले आहेत. ज्या लढाईने अमरावतीच्या कापसाला भाव आणला, ती जगाने कापसातून निघालेल्या पातळ थरावर पाहिली. पुढे काचेच्या जागी रोल आला, तोही नायट्रोसेल्युलोजचाच. नंतरच्या ॲसिटेटच्या, सहज न पेटणाऱ्या फिल्मसाठी सरकीवरची आखूड लव कच्चा माल म्हणून वापरली गेली. जिनिंगमधून निघालेल्या सरकीकडे हे कळल्यापासून मी वेगळ्या नजरेने बघते.

आपल्याकडेही हे तंत्र लवकर आलं. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. पण फुलझाडांचा विचार करताना मला सगळ्यात जवळचे वाटतात ते दादासाहेब फाळके. सिनेमा काढण्यापूर्वी त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय केला होता. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एक चौकट टिपली. पडद्यावर मिनिटभरात बी रुजलं, अंकुर वर आला, वेल वाढला. 'अंकुराची वाढ' हा तो छोटा चित्रपट. रोज तीच जागा, तीच चौकट आणि न चुकता केलेली फेरी, एवढ्या भांडवलावर ते उभं राहिलं. नवशिक्याला मी हाच अभ्यास पहिला देते: खिडकीतल्या कुंडीत काहीही पेरा, मोबाइल ठेवण्याची जागा खडूने आखून घ्या आणि महिनाभर रोज त्याच वेळी एक फोटो काढा. प्रकाश कसा बदलतो हे कोणत्याही पुस्तकापेक्षा त्यातून नीट कळतं.

आता सामानाकडे. फुलांसाठी सुरुवातीलाच महागडी मॅक्रो लेन्स घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स पंचवीस-तीस सेंटीमीटरवरून फोकस करते आणि तिच्या ५५ च्या टोकाला कपाशीचं फूल चौकटभर येतं. त्याहून जवळ जायचं असेल तर ५० एमएमची एफ/१.८ लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब ही जोडी स्वस्तात जमते. ट्यूब म्हणजे काच नसलेली पोकळ कडी. ती लेन्सला कॅमेऱ्यापासून दूर नेते आणि त्यामुळे लेन्स जवळचं बघू शकते. ५० च्या लेन्समागे २५ एमएमची ट्यूब लावली की वस्तू सेन्सरवर निम्म्या आकाराची उमटते, म्हणजे एक सेंटीमीटरची मुंगी अर्धा सेंटीमीटर. घेताना विजेचे संपर्कबिंदू असलेलीच ट्यूब घ्यावी, नाहीतर कॅमेऱ्यावरून ॲपर्चर बदलता येत नाही.

इतक्या जवळ गेल्यावर खरी अडचण फोकसची. पहिल्या वर्षी मी काढलेल्या फुलांच्या फोटोंत पाकळीची कड स्पष्ट आणि परागकणांचा दांडा धूसर, असं वारंवार झालं. कारण साधं आहे: जितकं जवळ जावं तितकी स्पष्ट दिसणारी जाडी कमी होत जाते. कपाशीचं फूल चौकटभर घेतलं तर एफ/८ ला जेमतेम सेंटीमीटरभर खोली स्पष्ट येते. ट्यूब लावून निम्म्या आकारावर गेलात तर तीच दोन मिलिमीटर होते. मग दोनच वाटा उरतात. एक, ॲपर्चर एफ/११ पर्यंत बंद करावं. दुसरी, फुलाचा जो भाग दाखवायचा आहे तो सेन्सरला समांतर येईल असं बसावं. दुसरी वाट फुकटची आहे आणि मला तीच अधिक आवडते, कारण तिच्यासाठी फुलाभोवती फिरावं लागतं आणि फिरताना फूल कळतं. ऑटोफोकस अशा वेळी पाकळ्यांवर भटकतो. फोकस हाताने एकदा ठरवावा, मग श्वास रोखून शरीर तसूभर पुढेमागे न्यावं आणि केसर टोकदार दिसलं त्या क्षणी बटण दाबावं.

मोबाइलवाल्यांनी मन लहान करू नये. मोबाइलचा सेन्सर लहान, त्यामुळे स्पष्ट दिसणारी खोली त्याला उलट जास्तच मिळते. 'मॅक्रो' नावाची जी छोटी जादा लेन्स स्वस्त फोनमध्ये असते तिचा निकाल बहुधा मळकट येतो. मुख्य लेन्सने थोडं लांबून घेऊन नंतर कापलेला फोटो चांगला दिसतो. पडद्यावर फुलाला बोट लावून दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथे बांधले जातात. मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून उजेड थोडा कमी करावा. पोर्ट्रेट मोड मात्र टाळावा. माणसाच्या कानाची कड तो ओळखतो, कपाशीच्या झालरीची नाही.

उजेड कमी करायला का सांगते? कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. गर्द हिरव्या पानांत एकच साय रंगाचं फूल असेल तर मीटर पानांकडे बघून उजेड वाढवतं आणि पाकळी चुन्यासारखी फटफटीत होते. तिथे एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणावं. उलट वरुड-मोर्शीच्या बागेत संत्र्याच्या आंबिया बहाराची जाड पाकळ्यांची पांढरी फुलं चौकटभर घेतली, तर तेच मीटर त्यांना राखाडी करून टाकतं. तिथे एक स्टॉप वर न्यावं. पळसाची गोष्ट तिसरीच. केशरी-लाल रंगात सेन्सरची लाल बाजू आधी भरून जाते आणि पाकळीवरची मखमल नाहीशी होऊन लाल डाग तेवढा उरतो. एकत्रित हिस्टोग्राम सगळं ठीक दाखवतो, म्हणून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगळे बघायची सवय लावावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिखलदऱ्याच्या घाटात पानं झडलेले पळस पेटलेले दिसतात, पण त्यांचे चांगले फोटो फार थोडे पाहायला मिळतात. त्याचं मोठं कारण हे.

वऱ्हाडचं ऊन हा वेगळा प्रश्न. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पण फोटो बिघडतो तो उन्हाच्या कडकपणाने. सकाळी नऊनंतर सावल्या काळ्या आणि पाकळ्या पांढऱ्या होतात. माझं सगळ्यात उपयोगी सामान म्हणजे एक पांढरी छत्री आणि थर्माकोलचा तुकडा. छत्रीने फुलावर सावली धरायची, थर्माकोलने खालून उजेड परतवायचा. सावलीत फोटो निळसर येतो, तेव्हा व्हाइट बॅलन्स 'शेड'वर न्यावा. वारा असेल तर शटर १/५०० च्या आसपास हवं. त्यासाठी आयएसओ ४०० किंवा ८०० झाला तरी चालतो. हललेल्या फुलापेक्षा थोडे दाणे दिसलेले बरे. काळ्या मातीची धूळ बारीक असते, म्हणून वावरात उभं राहून लेन्स बदलू नये. आणि पावसाळ्यात मेळघाटात गेलात तर परत आल्यावर सामान सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावं. धुक्यातली ओल लेन्सच्या आत गेली की बुरशी येते आणि काच कायमची डागाळते.

वेळेकडे पुन्हा येते. जवसाचं निळं फूल हिवाळ्यात सूर्योदयाबरोबर उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळून मोकळं होतं. दुपारी वावरात पोचलेल्याला जवस हिरवं दिसतं आणि निळाई मातीवर पडलेली. अंबाडीचं फिकट पिवळं, गळ्याशी गडद फूल दुपारी मिटायला लागतं. मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. मार्च-एप्रिलमध्ये मेळघाटातल्या कोरकू बाया उजाडण्याआधी टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. तिथे कॅमेरा घेऊन जायचं तर आधी दोन शब्द बोलून, परवानगी विचारून. त्यांचा तो कामाचा, पोटाचा वेळ असतो. घाटातल्या पावसाळ्यात कुंपणावर कळलावी ज्वाळेसारखी उलटी फुलते. तिची मुळं विषारी आणि फूल देखणं. तोडून घरी आणून फोटो काढायचा मोह आवरावा, कारण वेलीशिवाय ते फूल काहीच सांगत नाही.

या सगळ्याचा पऱ्हाटी पिकवणाऱ्याला काय उपयोग, असं त्या मालकांनी विचारलं नव्हतं, पण तो प्रश्न माझ्या मनात राहिला. उत्तर त्याच वावरात सापडलं. तिसऱ्या ओळीत एक फूल उमललंच नव्हतं. पाकळ्या एकमेकींत गुंतून, पिळा पडल्यासारख्या मिटलेल्या. शेतकरी याला डोमकळी म्हणतात. आत गुलाबी बोंडअळी असते, ती पाकळ्या लाळेच्या धाग्यांनी आतून बांधून टाकते आणि परागावर जगते. उभ्याने, डोळ्याच्या उंचीवरून बघितलं तर डोमकळी साध्या कळीसारखी वाटते. फुलाच्या पातळीवर उतरून, बाजूच्या उजेडात घेतलेल्या फोटोत तो पिळा लगेच कळतो. असा फोटो जाणकाराला पाठवला तर पाठवणाऱ्याला नेमकं उत्तर मिळतं. दहा फुटांवरून घेतलेल्या हिरव्या वावराच्या फोटोवर कोणीच काही सांगू शकत नाही. आकार कळावा म्हणून फोटोत सोबत नाणं ठेवावं. एक फोटो अख्ख्या झाडाचा, एक फांदीचा, एक कळीचा, असे तीन घ्यावेत. मालकांनी ती कळी तोडली, नखाने उघडली आणि आतली बारकी अळी मला दाखवली. मग पुढच्या ओळीत शिरले आणि मी बघत असतानाच आणखी चार डोमकळ्या वेचून खिशात टाकल्या; नंतर त्या त्यांनी जाळल्या.

त्या पहिल्या फुलाच्या देठाला मी लाल दोरा बांधला होता. दुसऱ्या सकाळी मालकांनी सांगितल्याप्रमाणे ते गुलाबी झालं होतं, त्याच कोनातून, त्याच लेन्सने ते घेतलं. चौथ्या दिवशी वाळलेल्या पाकळ्या गळून खाली हिरवं, बोराएवढं बोंड दिसलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा जाते. फुलापासून बोंड फुटायला पन्नासेक दिवस लागतात. पावसाने दोऱ्याचा रंग विटला आहे, पण गाठ पक्की आहे. हा लेख छापायला जाताना बोंडाच्या टोकाशी चीर पडली आहे आणि आतला पांढरा कापूस किंचित दिसायला लागला आहे. उद्या सकाळी साडेसातला परत तिथेच.