देठावरच्या खाचा टिपा, मगच फवारा

हिंगोली जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचा पेरा मोठा. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा फांदीवर दोन गोल खाचा करून अंडी घालते. अळी आत शिरली की फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून खाचा वेळीच ओळखायला हव्यात.

फोटो घेताना मोबाइल फार जवळ नेऊ नका, फोकस बसत नाही. जवळून टिपताना काही मिलिमीटरचाच भाग स्पष्ट येतो; त्यामुळे स्क्रीनवर खाचेवरच बोट टेकवा आणि वारा थांबल्यावर दोन-तीन फोटो घ्या. शेजारी नाणे धरल्यास आकार कळतो.

हा फोटो तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवूनच औषध ठरवा. नको त्या फवारणीचा खर्च वाचेल आणि विषारी औषध अंगावर घेणेही टळेल.