तोंड उघडा, अजून थोडं

नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात मुखरोग विभागाच्या बाह्यरुग्ण खोलीत खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला आधी एकच काम सांगतात. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून उभी धरायची आणि समोरच्या दातांमध्ये घालायची. बोटं स्वतःचीच हवीत. आडदांड माणसाचं तोंड मोठं तशी त्याची बोटंही जाड, त्यामुळे हिशेब बहुधा जमतो. तीन बोटं सहज गेली की पुढची तक्रार. दोनच गेली की डॉक्टर स्टूल जवळ ओढतात.

मग निघतो व्हर्निअर कॅलिपर, अकरावीच्या भौतिकशास्त्रात आपण वैतागून हाताळला तोच. डोकं खुर्चीला टेकवून वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजतात. प्रौढ माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५५ मिलिमीटर उघडतं. पुरुषांचं बायकांपेक्षा किंचित जास्त. पहिल्या मापावर डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत. अनोळखी माणसासमोर आ वासायला लोक लाजतात. ‘अजून थोडं’ म्हटल्यावर चार-पाच मिलिमीटर सहज वाढतात. ज्यांचे वाढत नाहीत, ते खरे पेशंट.

तोंड न उघडण्याची कारणं बरीच. अक्कलदाढ सुजलेली असते, कानापुढचा सांधा कटकट वाजत असतो, रात्री दात खाऊन खाऊन स्नायू आखडलेले असतात. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं तर हा सांधा हाताला कळतो: पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर तो जागच्या जागी फिरतो, मग पुढे घसरतो. कधी जांभई देताना जास्तच घसरतो आणि तोंड उघडं ते उघडंच राहतं. असा पेशंट घाबरून येतो आणि जबडा खाली-मागे दाबून बसवला की हसत घरी जातो.

पण विदर्भात या खोलीत दिवस खातो तो खर्रा. माझ्यासमोर बसलेला पंचविशीतला मुलगा सांगत होता, ‘‘मॅडम, तिखट खाल्लं का तोंड भाजते.’’ तोंड कमी उघडतं, ही त्याची तक्रारच नव्हती. वडापाव दाबून चपटा करून खायची त्याला सवय झाली होती. कॅलिपरवर आकडा आला १८. डॉक्टरांनी गालाच्या आत बोट फिरवलं. आतून दोरीसारखे कडक पट्टे लागत होते. टाळू पांढुरका पडलेला, पडजीभ आखडलेली. गाल फुगवायला सांगितले, तर फुगेनात. सांधा मात्र ठणठणीत. ‘‘दिवसाला कितीक?’’ ‘‘दोन-तीन.’’ सोबत आलेल्या आईने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि डॉक्टरांनी कागदावर ‘दहा’ लिहिलं.

खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, पन्नीत घोटलेला. लोकांचा राग तंबाखूवर, पण तोंड बंद करते ती सुपारी. तिच्यातल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली चिवट तंतू भराभर तयार होतात. तिच्यातलं तांबं ते तंतू आणखी घट्ट विणतं. या आजाराचं वर्णन १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केलं, तेही पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय बायकांच्या तोंडात पाहून. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्यावर लिहिलं. आपली सवय समुद्रापार गेली, तर आजारही सोबत गेला.

उपचाराचं सामान पाहून हसू येतं: आइस्क्रीमच्या काड्या. दातांमध्ये मावतील तेवढ्या चपट्या काड्यांची चळत घालायची, थोडा वेळ धरायची, दिवसातून चार-पाचदा. काही दिवसांनी मधे आणखी एक काडी सरकवायची. जोडीला गालात इंजेक्शनं, गोळ्या. फारच आवळलं असेल तर शस्त्रक्रियेत पट्टे कापतात. पण त्यासाठी भूल द्यायची तर नळी घालायला तोंडच उघडत नाही, मग ती दुर्बिणीने नाकातून न्यावी लागते. एवढं करून काड्या सोडल्या, तर गाल पुन्हा आवळतो. मी पाहिलेल्या एका मध्यमवयीन रिक्षावाल्याने काड्यांना रबरबँड लावून त्या खिशात ठेवल्या होत्या, पूर्वी पुडी असायची त्याच खिशात. त्याचे काही मिलिमीटर परत आले होते. सगळे येणार नाहीत, हे त्याला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि मिलिमीटर परत आले तरी तपासणी सुटत नाही, कारण यातल्या काही तोंडांत पुढे कर्करोग होतो.

महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. साध्या सुपारीकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. ती पूजेत आहे, पानात आहे, जेवणानंतरच्या तबकात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. पूजेतली सुपारी पूजेत राहू द्या. जेवणानंतर मुलांच्या हातावर गोड सुपारीची पुडी ठेवणं तेवढं बंद करा, बडीशेप आहे.