कोपरातली चीर आणि तिचे पाच प्रकार

आज जरा लांबची गोष्ट, जपानची. आपल्याकडे क्रिकेटचं, तसं तिथे शाळकरी पोरांना बेसबॉलचं वेड. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. एका सामन्यात तो शंभरावर वेळाही जीव खाऊन चेंडू फेकतो.

जमिनीला कोपर टेकवून बघा. जे टोकदार हाड लागतं ना, त्यालाच हा ताण. दंडामागचा स्नायू ते ओढतो आणि हात सरळ होताना ते खोबणीत आदळतं. तार एकदा वाकवून तुटत नाही, तिथल्या तिथे पन्नासदा वाकवली की तुटते. तसंच हे. पडणं नाही, मार नाही, तरी हाडाला चीर.

पोरगा जेवताना, लिहिताना ठणठणीत; दुखतं ते फेकतानाच. म्हणून घरच्यांना वाटतं, सराव चुकवायचे बहाणे आहेत. त्यात सुरुवातीच्या एक्स-रेत बरेचदा काहीच दिसत नाही.

आणखी एक घोळ. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा पट्टा असतो. एक्स-रेत तो काळ्या रेघेसारखा दिसतो, वाढ पुरी होताना मिटतो. मग ही रेघ वाढीची की चिरेची? डॉक्टर चांगल्या हाताचाही एक्स-रे काढतात. तिकडे रेघ मिटली आणि दुखऱ्या हातात उघडीच राहिली, तर संशय बळावतो. साधी युक्ती, पण मला फार आवडली! एमआरआयमध्ये हाडातली सूज लवकर दिसते. चीर कुठून कुठे गेली ते सीटी स्कॅन नेमकं दाखवतो.

2014 साली जपानी डॉक्टरांनी अशा 200 खेळाडूंच्या तपासण्यांवरून पाच प्रकार मांडले. कोवळ्या वयात वाढीच्या पट्ट्यातली चीर, मोठ्या मुलांत तिरकी जाणारी, या दोन्हींच्या मधली, हाड पांढुरकं घट्ट दिसणारी आणि टोकापासून खाली पडणारी. नुसतं नाव ठेवायला हे नाही. काही महिने फेकणं बंद ठेवून भागेल की स्क्रू घालावा लागेल, हे ठरवायला प्रकार कळावा लागतो.

जपानच्या शालेय स्पर्धांत 2020 पासून एका पिचरला आठवड्याला 500 फेकींची मर्यादा आहे. मात्र ती सामन्यांपुरती. सरावातल्या फेकी त्यात धरत नाहीत. त्या घरच्यांनीच मोजायच्या.